अडीच लिटर काढा, अडीच लिटर भरा: ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल घरी बदलताना

ऑटोमॅटिक गाडी घेणारा माणूस क्लच सुटला म्हणून खूश असतो. खरं तर क्लच सुटलेला नसतो. एकाचे चार-पाच झालेले असतात आणि ते सगळे गिअरबॉक्सच्या आत तेलात बुडून बसलेले असतात. त्या तेलाचं नाव ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, थोडक्यात एटीएफ. इंजिन ऑइल आपण दरवर्षी न चुकता बदलतो, पण असं दुसरंही एक तेल गाडीत आहे हे अनेकांना गाडी विकेपर्यंत कळत नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. "लाइफटाइम असतं साहेब," हे पहिलं. "चांगला चाललाय ना गिअरबॉक्स? मग हात लावू नका, बदललं की बसतो," हे दुसरं.

मी हे काम माझ्या जुन्या होंडा सिटीवर घरी करतो. पान्याचं काम त्यात फारसं नाही. एकच बोल्ट खोलायचा असतो. सगळी गोम मोजण्यात आहे. कोणतं तेल, किती, आणि पातळी बघायची कधी, एवढं जमलं की बाकी हात काळे करणं तेवढं उरतं.

पण आधी आपल्या गाडीत कोणता डबा, म्हणजे गिअरबॉक्स, आहे ते पाहा, कारण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेला एएमटी म्हणजे आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तेवढं माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. त्यात साधं गिअर ऑइल असतं, एटीएफ नाही. सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा. त्याचं तेल निराळं. डीसीटीत दोन क्लच असतात, काहींचे तेलातले, तर काहींचे, उदाहरणार्थ फोक्सवॅगन-स्कोडाच्या ७ गिअरच्या डीक्यू२०० चे, कोरडे. आणि चौथा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे जुन्या अर्थाने खरा ऑटोमॅटिक. हा लेख त्या चौथ्याबद्दल आहे. गंमत म्हणजे सिटीतच हे बदललेलं आहे: २००८ ते २०१३ च्या मॉडेलमध्ये ५ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता आणि २०१४ पासून सीव्हीटी आला. पहिल्याला होंडाचं डीडब्ल्यू-१ लागतं, दुसऱ्याला एचसीएफ-२. नाव तेच, बिल्ला तोच, पण एकाचं तेल दुसरीत ओतलंत तर नवा गिअरबॉक्स घ्यायची वेळ येऊ शकते.

आता हे तेल आत काय करतं? बादलीत हात गरागरा फिरवला की पाणी फिरतं आणि पाण्यात सोडलेला मगही त्याच्यासोबत फिरायला लागतो. हाताचा मगाला स्पर्शसुद्धा नाही. टॉर्क कन्व्हर्टर असाच चालतो. इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, पाती तेल भिरकावतात, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळतं आणि ती गिअरबॉक्स फिरवतात. म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहू शकते: इंजिन चालू, चाकं थांबलेली, आणि मधल्या मध्ये तेल घुसळलं जातंय. त्या घुसळण्याची सगळी ऊर्जा उष्णता होऊन तेलातच जाते.

दुसरं काम गिअर बदलण्याचं. आत एक पंप असतो, तो तेलाला दाब देतो. ते दाबाचं तेल व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या भागातल्या अरुंद वाटांमधून जातं. उसाला पाणी देताना रात्री कुणी दारं धरली असतील, तर त्याला ही व्हॉल्व्ह बॉडी एका वाक्यात कळेल. पाटाला पाणी आहे. या सरीचं दार उघड, त्या सरीचं बंद कर. इथे दारं धरायला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपा, आहेत आणि कुठलं दार उघडायचं ते संगणक सांगतो. ज्या क्लचकडे पाणी, म्हणजे तेल, पोचेल तो दाबला जातो आणि तो गिअर पडतो. बहुतेक कंपन्या यासाठी ग्रहमालेसारखी गिअरची रचना वापरतात. माझ्या सिटीच्या डब्यात मात्र मॅन्युअलसारखे समांतर दांड्यांवरचे गिअर आहेत आणि क्लच त्यांच्या शेजारी. तत्त्व तेच. दाबाचं तेल म्हणजे क्लच दाबणारा पाय.

तिसरं काम सगळ्यात नाजूक. क्लचच्या चकत्या तेलात भिजलेल्या असूनही एकमेकींना घट्ट पकडल्या पाहिजेत. तेल निसरडं हवं, पण नको तितकं नको. पकड एकदम आली तर धक्का बसतो, उशिरा आली तर चकती घसरून जळते. हा तोल तेलात मिसळलेली रसायनं राखतात. एकेकाळी अमेरिकेत या कामासाठी एटीएफमध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. १९७० मध्ये तो मासा तिथे संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला आणि तेल बनवणाऱ्यांना नवं रसायन शोधत बसावं लागलं. (मासा म्हणजे सस्तन प्राणी, मान्य, पण मराठीत देवमासाच म्हणतात.) सांगायचा मुद्दा हा की एटीएफमधलं तेल हा केवळ वाहक आहे. किंमत त्या रसायनांची असते आणि झिजतात तीही तीच. म्हणूनच 'कुठलंही लाल तेल चालतं' हा सल्ला ऐकू नये. लाल हा निव्वळ रंग आहे, इंजिन ऑइलपासून ओळखू यावं म्हणून घातलेला. झेडएफ कंपनीचं ८ गिअरच्या डब्याचं तेल हिरवं असतं. तेलाच्या डब्यावरचा स्पेसिफिकेशनचा कोड तुमच्या माहितीपुस्तिकेतल्या कोडशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, आणि तेल अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवरूनच आणलेलं बरं. नकली तेलसुद्धा लालच असतं.

आता त्या दोन उत्तरांकडे वळू. 'लाइफटाइम' म्हणजे कुणाचं लाइफ, हे विचारायचं राहून जातं. झेडएफ जगभरातल्या बड्या कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्यातल्या काही कार कंपन्या तेल आयुष्यभर टिकतं म्हणतात, आणि तोच डबा बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान, चालवण्याच्या पद्धतीनुसार, तेल बदला असं सांगते. मी डबा बनवणाऱ्याचं ऐकतो. शिवाय होंडाच्या अमेरिकेतल्या माहितीपुस्तिकांत 'कठीण परिस्थिती'ची एक यादी असे: ३२ अंशांच्या वरचं हवामान, थांबत-चालत ट्रॅफिक, डोंगराळ रस्ते. हडपसर ते हिंजवडी रोज आणि अधूनमधून वरंध घाट, एवढ्यावर आपण पुणेकर ती यादी पूर्ण करतो. उष्णता हा या तेलाचा खरा शत्रू आहे. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी वाढलं की तेल सडण्याचा वेग दुप्पट होतो.

'बदललं की बसतो' यामागे बऱ्याचदा उलटा हिशेब असतो. लाख-दीड लाख किलोमीटर कुणी तेलाकडे बघत नाही. मग गिअर घसरायला लागतात, डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करते आणि तेव्हा मालकाला तेल आठवतं. चकत्या आधीच झिजलेल्या असतात. तेल बदलतात, महिन्याभरात डबा बसतो आणि बदनामी तेलाची होते. एक गोष्ट मात्र खरी: दाबाने तेल ढकलणाऱ्या मशीनने किंवा वर फ्लशिंगचं रसायन घालून जुना डबा धुतला, तर वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेला गाळ सुटून त्या अरुंद वाटांत अडकू शकतो. माझ्या जुन्या गाडीवर मी ते करणार नाही. आणि तुमची गाडी आत्ताच घसरत असेल, तेलाला जळका वास असेल, त्यात धातूची चमक दिसत असेल, तर हा लेख इथेच सोडून चांगला मेकॅनिक गाठा.

तर प्रत्यक्ष काम. माझ्या डब्यात सगळं मिळून सहाएक लिटर तेल मावतं, पण खालचा बोल्ट खोलला की अडीच लिटरच्या आसपासच बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत आणि क्लचच्या पोटात राहतं. कन्व्हर्टरला ड्रेन बोल्ट नाही, त्यामुळे कितीही वेळ थांबलात तरी ते येणार नाही. हे ऐकून लोक नाउमेद होतात. व्हायचं कारण नाही. साबणाचे कपडे आपण एका पाण्यात कुठे काढतो? तीन पाण्यांत खळबळतो. इथेही तसंच. पहिल्या वेळी सहापैकी अडीच लिटर नवं, म्हणजे ४२ टक्के. थोडी गाडी चालवली की जुनं-नवं एकत्र होतं. पुन्हा अडीच काढून अडीच भरलं की नवं ६६ टक्के होतं, तिसऱ्यांदा ८० टक्के. चौथ्यांदा केलं तर ८८, पण तोवर खर्च वाढत जातो आणि पदरात कमी पडतं. मी तीनवर थांबतो, आणि ती तीन पाणी एका दिवसात न घालता मध्ये हजार-दीड हजार किलोमीटर जाऊ देतो.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा म्हणजे तेल पातळ होऊन गाळ सोबत घेऊन निघेल. आल्या आल्या मात्र खाली शिरू नका. उकळतं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, आणि ते झटकायला गाडीखाली जागा नसते. हात लावता येईल इतकं निवू द्या. गाडी उचलायची तर मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी पाचर, हँडब्रेक, आणि जॅकने उचलल्यावर दोन्ही बाजूंना जॅक स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, गाडीखाली डोकं घालू नये. माझ्याकडे स्टँड नसते तर मी हे काम केलं नसतं.

खाली जाण्याआधी एक काम वरचं. तेल जिथून भरायचं ते तोंड आधी उघडून बघा. माझ्या सिटीत ते डिपस्टिकचंच भोक आहे, त्यामुळे प्रश्न येत नाही. पण बऱ्याच गाड्यांत भरायला वेगळा बोल्ट असतो आणि तो वर्षानुवर्षं न खोलल्याने जाम झालेला असतो. खालचं तेल सांडून घेतलं आणि वरचा बोल्ट हलेना, मग गाडी टो करून न्यायची. ही चूक मी एका मित्राच्या गाडीवर केलेली आहे. तो अजून भेटला की विषय काढतो.

ड्रेन बोल्टला सिटीत षट्कोनी डोकं नसतं, मधोमध चौकोनी खाच असते. रॅचेटचं ३/८ इंची टोक, गोटी (सॉकेट) न लावता, थेट त्यात बसतं. तसराळं थोडं लांब धरा. पहिली धार कमानीसारखी पुढे जाते आणि जोर कमी झाला की मागे सरकते. धारेचं थेंबात रूपांतर होईपर्यंत चहा प्या.

त्या वेळात बोल्ट बघा. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि त्यावर काजळासारखा राखाडी लेप साचलेला दिसेल. घाबरू नका, ती चकत्यांची आणि गिअरची रोजची झीज आहे. बोटांत चोळली तर लोण्यासारखी मऊ लागते. बोटाला कण टोचले, चिमटीत धरता येईल असा तुकडा निघाला, तर ती बातमी वाईट. लेप पुसून काढा, पण दोरे सुटणाऱ्या कॉटन वेस्टने नव्हे. एक दोरा व्हॉल्व्हच्या वाटेत जाऊन बसला तर पाटात गोणपाट अडकल्यासारखं होतं. जुना धुतलेला सुती रुमाल उत्तम. अ‍ॅल्युमिनियमचं वायसर नवं घाला; ते एकदा दबून बसण्यासाठीच केलेलं असतं. आणि बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, ४९ न्यूटन-मीटरलाच आवळा. डब्याचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं आहे. 'अजून थोडा' म्हणत आवळलं की आटे जातात आणि मग दुरुस्तीचा खर्च सगळ्या तेलापेक्षा जास्त होतो. गाळायची जाळी काही गाड्यांत खालचं पॅन काढून बदलता येते. माझ्यात ती डबा फोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून मी तिचा नाद सोडला.

आता मोजणी. निघालेलं तेल खुणा असलेल्या बाटल्यांत ओतून मोजा, पण आधी निवू द्या. तेल तापलं की फुगतं. ७० अंशांवरचं अडीच लिटर तेल खोलीच्या तापमानाला आल्यावर साठ-सत्तर मिलिलिटरने आकसलेलं असतं. गरम मोजून तेवढंच थंड तेल भरलंत तर तेवढं जास्त भरलंत. एकदा चालेल, तीन पाण्यांत तीनदा केलं तर बेरीज होते. जेवढं निघालं तेवढंच भरा, पुस्तकातला आकडा पडताळणीपुरता ठेवा. नरसाळ्याला लांब नळी लावून, सावकाश.

इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवा आणि लीव्हर प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबवत पी पासून शेवटपर्यंत आणि परत फिरवा, म्हणजे रिकाम्या झालेल्या वाटांत तेल पोचेल. मग गाडी खाली उतरवून दहाएक किलोमीटरचा फेरा मारा. परत आल्यावर सपाट जागा शोधा. तेल काढताना गाडी तिरकी असली तर चालतं, पातळी बघताना नाही. आमच्या सोसायटीचं पार्किंग पाणी वाहून जावं म्हणून उताराचं केलंय, त्यामुळे मी गेटबाहेर, गवंड्याची पाणसळ ठेवून बघितलेल्या तुकड्यावर जातो. शेजाऱ्यांना वाटतं मी तिथे बांधकाम काढणार आहे.

डिपस्टिक बघायची रीत कंपनीगणिक वेगळी असते आणि इथेच बहुतेक चुकतात. कित्येक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात. होंडात गाडी गरम असताना इंजिन बंद करून ६० सेकंद थांबायचं आणि ९० सेकंदांच्या आत बघायचं. जास्त थांबलात तर कन्व्हर्टर आणि नळ्यांतलं तेल खाली येतं, पातळी वर दिसते आणि माणूस उगीच तेल काढून टाकतो. थंड गाडीवर बघितलंत तर उलटी फसगत: सहा लिटर तेल सकाळच्या थंड अवस्थेतून ८० अंशांवर गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं. थंड असताना वरच्या खुणेपर्यंत भरलेलं गरम झाल्यावर खुणेबाहेर जाईल. कमी पडलं तर पंप तेलासोबत हवा ओढतो, हे कुणालाही पटतं. जास्त झालं तरी शेवट तोच होतो: फिरणारे गिअर तेलात बुडतात, रवीने ताक घुसळावं तसा फेस येतो आणि पंपाला पुन्हा हवाच मिळते. दोन्ही वेळा गाडी तशीच घसरते, म्हणून लक्षणांवरून अंदाज करून चालत नाही. काडी पुसा, पुन्हा घाला, काढा, दोन खुणांच्या मध्ये ओल दिसली की काम झालं.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच काढून टाकली आहे. तिथे खालच्या बोल्टमागे एक उभी नळी असते. तेल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून, त्या नळीतून थेंब-थेंब ओघळायला लागलं की पातळी बरोबर. तापमान कळायला गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर हवा, आणि गाडी चारी बाजूंनी सारखी उचललेली हवी. स्कॅनर स्वस्तात मिळतो. चालू गाडी सपाट उचलून धरायची सोय घरी फार थोड्यांकडे असते. तुमची गाडी अशी असेल तर मी लिफ्ट असलेलं गॅरेज गाठायला सांगेन, फक्त मेकॅनिकला विचारा की पातळी कोणत्या तापमानाला बघणार. उत्तर अंशांत आलं तर किल्ली द्या.

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवतो. सकाळी त्यावर लाल थेंब नसेल तर बोल्ट बसला. बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर आणि 'पाणी पहिलं' असं लिहून ठेवतो. नाहीतर तीन महिन्यांनी दुसरं झालं की नाही यावर स्वतःशीच वाद होतो.

उरतं ते जुनं तेल. आमच्या वॉचमनकाकांनी ते गावाकडच्या दाराला वाळवी लागलीय म्हणून मागितलं होतं. पूर्वी इंजिन ऑइल असंच चौकटींना फासायचे, मलाही आठवतंय. पण वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते गटारात किंवा मातीत गेलं तर पाणी नासतं. मी ते बाटल्यांत भरून, वर 'जुनं तेल' लिहून, ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या तेलाचं पिंप भरून अधिकृत पुनर्शुद्धीकरणाला जातं तिथे देऊन येतो. वॉचमनकाकांना वाळवीचं औषध आणून दिलं.